फाटक बंद केलं, माशीचं काय?

मेक्सिकोतून अमेरिकेत वर्षाला दहा लाखांच्या वर गोऱ्हे आणि कालवडी जात असत. सोनोरा, चिवावा, दुरांगोच्या कुरणांवर वासरं वाढवायची आणि सीमेपलीकडे नेऊन दाण्यावर पोसायची, असा हा जुना धंदा. २२ नोव्हेंबर २०२४ ला तो थांबला. चियापास राज्यात, ग्वाटेमालाच्या सीमेजवळ, एका तपासणी नाक्यावर गाईच्या जखमेत न्यू वर्ल्ड स्क्रूवर्म या जिवंत मांस खाणाऱ्या माशीच्या अळ्या सापडल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेचं फाटक उघडलं, ११ मे रोजी पुन्हा बंद झालं. ७ जुलैला अॅरिझोनातला डग्लस हा एकच नाका सुरू केला आणि दोन दिवसांत तोही बंद करावा लागला, कारण मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यात नवी लागण निघाली होती.

यावर अमेरिकी रँचवाल्यांत दोन तट आहेत. ज्यांच्या कुरणात गाई-वासरं आहेत ते म्हणतात, बंदच ठेवा. फीडलॉटवाले, म्हणजे वाड्यात दाण्यावर गुरं पोसणारे, विचारतात, रिकाम्या जागा कशाने भरायच्या? १ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत एकूण ८.६७ कोटी गुरं होती, १९५१ नंतरचा नीचांक. दोघांचंही दुखणं खरं आहे. पण भांडण फाटकावरून चाललंय आणि गळती आहे ती फार दक्षिणेला.

आधी माशी. बाकीच्या बहुतेक मांसमाश्या सडक्या मांसावर अंडी घालतात, ही जिवंत जनावराच्या जखमेवर. तारेचा ओरखडा, गोचीड चावल्याची खूण, नवजात वासराची ओली बेंबी, एवढं तिला पुरतं. जखमेच्या कडेला दोन-तीनशे अंडी चिकटवते. १२ ते २४ तासांत अळ्या बाहेर पडतात आणि डोकं खाली करून खात खात खोल शिरतात. जखम वरून बोटाएवढी दिसते, आत पोकळी झालेली असते. रक्ताळ पाणी गळतं, घाण वास सुटतो आणि त्या वासावर आणखी माद्या येतात. ५ ते ७ दिवसांनी अळ्या खाली पडून मातीत कोष करतात. उकाड्यात तो आठवडाभरात फुटतो, थंडीत पन्नासच्या वर दिवस जातात. उपचार झाले नाहीत तर धष्टपुष्ट बैलही एक-दोन आठवड्यांत मरतो.

आता नाक्यावर काय होतं ते बघा. जायचा माल म्हणजे खच्ची केलेले गोऱ्हे आणि अंडाशय काढलेल्या कालवडी. मूळ राज्यात गुरांच्या क्षयरोगाची स्थिती कशी आहे त्याप्रमाणे चाचणीचे कागद लागतात. गोऱ्ह्याच्या उजव्या पुठ्ठ्यावर ‘एम’चा डाग असतो. जनावर एकेक करून शिकंजात घेतात आणि तपासनीस कान, पोळी, जांघ, शेपटीखाली हात फिरवून गोचीड शोधतो. एक जरी जिवंत गोचीड हाताला लागली तरी अख्खा लॉट परत. नंतर कूमाफॉस हे गोचीडनाशक घातलेल्या पाण्याच्या हौदातून जनावरं पोहवून काढतात. सांता तेरेसा नाक्यावर तर मेक्सिकोच्या वाड्यातून अमेरिकेच्या वाड्यात गुरं पायी चालत जातात.

ही पद्धत गोचिडीसाठी चांगली आहे, अळीसाठी अपुरी. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी घातलेली अंडी सकाळी सहज नजरेतून सुटतात. म्हणून नुसती तपासणी उपयोगाची नाही. जनावरं सात दिवस वेगळी बांधून ठेवली, तर आत असलेली अळी तेवढ्यात दिसण्याएवढी मोठी होते किंवा गळून पडते.

आणि नाक्यापर्यंत येण्याआधीचा रस्ता? सप्टेंबर २०२५ मध्ये मेक्सिकोच्या नुएवो लेओन राज्यातल्या साबिनास इदाल्गोला एक जनावर बाधित निघालं. सीमेपासून अंतर ११५ किलोमीटरसुद्धा नाही. ते दक्षिणेकडच्या बाधित भागातून प्रमाणित फीडलॉटमध्ये आणलेलं होतं. म्हणजे एवढी मजल माशीने उडत मारली नाही, ट्रकने मारली. २०२३ मध्ये पनामा आणि कोस्टा रिका, २०२४ मध्ये निकाराग्वा, होंडुरास, ग्वाटेमाला आणि मेक्सिको, हा वेगही चोरट्या गुरांच्या वाटेशी जुळतो. मध्य अमेरिकेतल्या जनावराच्या कानात एकदा मेक्सिकोचा बिल्ला बसला, की पुढच्या नाक्यावर त्याचा जन्म कुठला हे कोण ओळखणार?

माशी संपवायची रीत मात्र ठरलेली आहे. मादी आयुष्यात एकदाच जुगते. हे हेरून एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड यांनी साडेपाच दिवसांच्या कोषांवर किरणोत्सर्गाचा मारा करून नपुंसक माश्या सोडायची पद्धत बसवली; अशा नराशी जुगलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत. १९५४ मध्ये कुरासाव बेट साफ झालं. अमेरिकेने १९६६ मध्ये देश मुक्त झाल्याचं जाहीर केलं, तरी १९७२ मध्ये ९५ हजारांवर बाधित जनावरं सापडली. मग १९७६ मध्ये चियापासमधल्या तुस्तला गुतिएरेसला आठवड्याला ५० कोटी माश्यांचा कारखाना उभा राहिला. १९९१ मध्ये मेक्सिको मुक्त झाला आणि २००६ पर्यंत माशी पनामाच्या पलीकडे, दारिएनच्या जंगलापर्यंत रेटली गेली.

तिथे जमीन चिंचोळी. आठवड्याला २ कोटींच्या आसपास माश्या सोडल्या की भिंत उभी राहायची. म्हणून २०१२ मध्ये तुस्तलाचा कारखाना बंद केला. हिशेबाला धरून होतं, पण राखीव काहीच उरलं नाही. आता भिंत ओलांडली गेली आहे. तेवांतेपेकची सुमारे २०० किलोमीटरची संयोगभूमी ही उत्तरेकडची पुढची अरुंद जागा, तीही माशीने मागे टाकली. त्याच्या वर देश रुंदावत जातो आणि हाताशी माश्या मात्र चिंचोळ्या पनामापुरत्या. चियापासमधल्या मेतापाचा फळमाशीचा कारखाना बदलून घ्यायचा आणि टेक्सासच्या मूर हवाई तळावर आठवड्याला ३० कोटींचा नवा बांधायचा, हे बेत २०२५ मध्ये त्यासाठीच आखले गेले.

रानातली जनावरं हा आणखी एक घोर. २०१६ मध्ये फ्लोरिडा कीज बेटांवर हीच माशी हरणांत निघाली. गोचिडीचंही तसंच. सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या काठाने टेक्सासात कायमचा विलगीकरण पट्टा आहे, घोड्यावरून गस्त घालणारे सरकारी लोक आहेत, तरी हरणं आणि नीलगायी गोचीड घेऊन हिंडतात. होय, आपलीच रोही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती दक्षिण टेक्सासात आणून सोडली, आणि तिला हौदात कोण पोहवणार?

रँचवर करण्यासारखं बरंच आहे. विणी, खच्चीकरण, शिंगं काढणं आणि डाग देणं थंडीत उरकावं. रबरी रिंगने खच्चीकरण केलं की जखम होत नाही हा गैरसमज आहे. दोन-तीन आठवड्यांनी पिशवी गळते तेव्हा ती उघडी पडतेच. वासरू पडल्याबरोबर बेंबी ७ टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी आणि सुकेपर्यंत रोज बघावी.

अळ्या दिसल्या तर चिमट्याने जखमेच्या तळातून काढाव्यात, कारण वरवरच्या अळ्या साध्या माशीच्याही असू शकतात. पूर्ण वाढलेल्या स्क्रूवर्मच्या मागच्या टोकाला कातडीतून दोन काळपट नळ्या दिसतात. वेगवेगळ्या खोलीवरच्या काही अळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून सरकारी पशुवैद्याकडे द्याव्यात. उरलेल्याही अल्कोहोलमध्येच माराव्यात. जमिनीवर झटकलेली पूर्ण वाढलेली अळी मातीत शिरून कोष करते.

औषधात, अमेरिकेने सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस डोरामेक्टिनच्या इंजेक्शनला गुरांसाठी सशर्त मान्यता दिली. मात्रा ५० किलो वजनाला १ मिली, म्हणजे अडीचशे किलोच्या गोऱ्ह्याला ५ मिली, कातडीखाली. वजन अंदाजाने धरून कमी टोचलं तर आतल्या अळ्या वाचतात. त्यानंतर ३५ दिवस ते जनावर कत्तलीला देता येत नाही, तेव्हा टोचल्याची तारीख बिल्ल्याच्या नंबराशेजारी तिथल्या तिथे लिहावी.