ट्यूशन एरियातून पुण्यात: इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा वृत्तांत

लातूर भागातून पुण्याला इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अकरावी-बारावीलाच घर सोडलेलं असतं. मीही त्यातलीच. गाव औसा तालुक्यात, आणि दोन वर्षं लातूरच्या ट्यूशन एरियात, म्हणजे खासगी क्लासेसच्या वस्तीत, खोली करून राहिलेली. त्यामुळे डबा, धुणं, खोलीतल्या मुलींची भांडणं यातलं मला काहीच नवं नव्हतं. पुण्यात अडलं ते वेगळ्याच ठिकाणी, त्याबद्दल पुढं सविस्तर. यंदा बारावीला असलेल्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं म्हणून लिहिते आहे.

आधी कागदपत्रं. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, जातीचा दाखला आणि जात पडताळणी. यातलं जात पडताळणीचं काम निकालानंतर सुरू करू नका, अकरावीतच अर्ज टाका. जुलैत सेतूमध्ये आणि पडताळणी समितीच्या दारात जी गर्दी असते, तिच्यात वडिलांचे दिवसच्या दिवस जातात, आणि ते नेमके पेरणीनंतरच्या कोळपणी-खुरपणीचे दिवस असतात. मूळ कागद कॉलेजला दाखवायचे आणि पडताळणी झाली की परत घ्यायचे. झेरॉक्सचे भरपूर संच करून ठेवा, आणि सगळ्याची पीडीएफ फोनमध्येही आणि मेलवरही असू द्या.

कॅप म्हणजे सीईटी सेलकडून होणारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, तिच्या फेऱ्यांचे नियम दरवर्षी हलतात. २०२५ ला चार फेऱ्या होत्या आणि पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप पक्की होत होती. पुढच्या फेऱ्यांत हा नियम आणखी खालच्या पसंतींनाही लागला. त्यामुळे ‘टाकून तर बघू’ म्हणून कुठलंही कॉलेज पहिल्या नंबरला टाकायची सोय राहिलेली नाही. सीईटी सेलची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कॅफेवाले दादा फॉर्म छान भरतात, पण पसंतीक्रम त्यांच्यावर सोडू नका.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. आणि माफी आहे ती या दोन शुल्कांचीच. बाकीच्या नावांखाली कॉलेज जी रक्कम घेतं ती भरावी लागते, ती किती हे प्रवेशाआधी लेखी विचारा. आमच्या गावात ‘पोरींचं सगळं फुकट झालंय’ एवढंच पोहोचलं होतं, आणि खोली-मेसचा हिशेब कुणी केलाच नव्हता. महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज भरताना बँक खातं आधारला जोडलेलं आहे का हे आधी बघा. नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते.

आता प्रवास. लातूर-मुंबई एक्स्प्रेस रात्री निघते आणि बार्शी, कुर्डुवाडी, दौंड करत भल्या पहाटे पुण्याला सोडते. कुर्डुवाडी-लातूर हा रस्ता मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फुटी रुळांचा. आजोबांच्या काळात पुण्याला जायचं तर कुर्डुवाडीला उतरून मोठ्या गाडीत बसावं लागे. सबंध मार्ग ब्रॉडगेज व्हायला २००८ उजाडलं. दिवसा जायचं असेल तर हरंगुळ-पुणे गाडी आहे. हरंगुळ म्हणजे लातूरला खेटूनच. ती विशेष गाडी म्हणून चालते, म्हणून निघायच्या आधी ती चालू आहे का ते बघून घ्या. एसटीनं जायचं तर मार्च २०२३ पासून बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे, पण सामान जास्त असेल तर रेल्वेच बरी.

पहाटे पुणे स्टेशनला उतरलात की बाहेर पडायची घाई करू नका. त्या वेळी रिक्षावाले तुमच्या बॅगेकडं बघून भाडं ठरवतात. प्रतीक्षालयात बसा, उजाडू द्या, मग पीएमपी, म्हणजे पुण्याची शहर बस, धरा. आणि गादी घरून आणू नका. माझ्याबरोबर एका काकांनी मुलासाठी सुतळीनं बांधलेली गादी आणली होती. बसमध्ये कंडक्टरनं चढू दिलं नाही, आणि रिक्षाला जेवढे गेले तेवढ्यात त्यांना पुण्यात नवी गादी आली असती.

राहायचं म्हणजे कॉलेजचं हॉस्टेल, नाहीतर कॉट बेसिस, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं. हॉस्टेल मिळत असेल तर पहिल्या वर्षी डोळे झाकून घ्या. मला मिळालं नाही. कॉट बेसिसला खोलीत किती कॉट आहेत हे तर सगळेच विचारतात. त्यापेक्षा पाणी किती वाजता येतं, गिझर कधी बंद करतात, डिपॉझिटची पावती देणार का आणि मध्येच सोडलं तर किती कापणार, हे विचारा. आणि कॉलेजपर्यंत एकदा स्वतः चालून बघा. घरमालकांच्या ‘पाच मिनिटांवर’चा काही भरवसा नसतो.

मेस ठरवताना पैसे भरायच्या आधी दोन-तीन ठिकाणी एकेक वेळ जेवून बघा. खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा, नियम विचारा. माझ्या मेसमध्ये सलग तीन दिवस जेवणार नसल्याचं आधी सांगितलं तरच खाडा धरतात, एकट्यादुकट्या दिवसाचा नाही. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री सुट्टी. त्या रात्रीची सोय तुमची तुम्ही. ज्वारीची भाकरी मिळते, पण वेगळे पैसे देऊन, आणि भाजीत गूळ असतो हे गृहीत धरा. घरची शेंगदाण्याची चटणी महिनाभर टिकते. मला खोलीचे साडेचार हजार, मेसचे चौतीसशे आणि वरखर्चाला साधारण दोन हजार लागत होते. कॉलेज कुठल्या भागात आहे त्यावर हा आकडा बराच वरखाली होईल.

पाण्यावरून खोलीत माझं हसं झालं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. ती ‘जलदूत’ गाडी बघायला आम्हाला नेलंही होतं. तेव्हापासून नळ वाहताना दिसला की उठून बंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही. कोल्हापूरकडची रूममेट बादली भरून वाहू देते आणि केस विंचरत बसते. तिला कधी नळाची वाटच बघावी लागलेली नाही, तर तिला काय बोलणार!

आता जिथं अडलं ते. लातुरात आमचा दिवस दुसऱ्यानं आखलेला असतो. सकाळी फिजिक्स, मग कॉलेजची हजेरी, दुपारी केमिस्ट्री, संध्याकाळी गणित, रात्री अभ्यासिका, रविवारी टेस्ट. टेस्ट झाली की रँकची यादी भिंतीवर लागते आणि आपण कुठं आहोत ते सगळ्या गल्लीला कळतं. या पद्धतीला नावं ठेवणारे खूप आहेत. मी ठेवणार नाही, मला सीट तिच्यामुळेच मिळाली. पण दोन वर्षांत उद्या काय वाचायचं हे मी एकदाही ठरवलेलं नव्हतं. पुण्यात लेक्चर संपलं की संपलं. सर पुस्तकाचं नाव सांगून निघून जातात. टेस्ट नाही, यादी नाही, घरी फोन जात नाही. पहिले काही आठवडे मी आणि माझ्यासारख्याच नांदेड-बीडकडच्या दोघी रोज संध्याकाळी खोलीवर आलो की नुसत्या बसून असायचो. कुणीतरी सांगेल अशी वाट बघण्यात सप्टेंबर निघाला.

मग आम्ही लातूरचंच थोडं पुण्यात आणलं. दर रविवारी सकाळी जुन्या प्रश्नपत्रिकेतला एकेक युनिट घड्याळ लावून लिहायचा आणि एकमेकींचं तपासायचं. याचा खरा फायदा झाला गणितात. सीईटीला चार पर्यायांतून उत्तर शोधायला शिकलेल्या डोक्याला पूर्ण उत्तर लिहायची सवयच नसते. फुरिअर सिरीजमध्ये इंटिग्रेशन मनात सुटतं, पण कागदावर मधल्या दोन पायऱ्या गाळल्या की गुण जातात. इथं गुण पायऱ्यांना असतात. आमच्याकडं प्रत्येक विषयाचे ३० गुण सेमिस्टरभरातल्या चाचण्या-असाइनमेंटचे आणि ७० लेखी परीक्षेचे. ती अडीच तासांची. पार्शल डिफरन्सिएशनचं एक लांबलचक गणित अडीच तासांतला किती वेळ खातं, हे आधी लिहून बघितल्याशिवाय कळत नाही.

लातूरची पद्धत जिथं मुळीच चालत नाही तो विषय म्हणजे सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा. वाचून, पाठ करून प्रोग्रॅमिंग येत नाही, स्वतःच्या हातानं एरर काढावी लागते. बाजूच्या स्क्रीनवर बघून टाइप केलेला प्रोग्रॅम चालतो, पण ओरलला ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ असं विचारलं की तोंड मिटतं. लॅबची वेळ संपल्यावरही लॅब उघडी असेल तर बसू देतात, लॅब असिस्टंटला नीट विचारा. निदान पहिल्या सेमिस्टरसाठी लॅपटॉपला कर्ज काढू नका. शाखेप्रमाणं काय लागतं ते कळू द्या, मग घ्या.

ग्राफिक्सचा, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा, ड्राफ्टर (बोर्डवर लावून रेघा काढायचं साधन) नवा घ्यायची गरज नाही. सिनियर स्वस्तात देतात, नाहीतर अप्पा बळवंत चौकात जा. तिथं लोकल ऑथरची जुनी पुस्तकंही मिळतात. जुना ड्राफ्टर घेताना त्याचे स्क्रू घट्ट बसतात का ते तिथंच बोर्डवर लावून बघा. ढिला ड्राफ्टर शीटच्या एका टोकाला समांतर रेघ काढतो आणि दुसऱ्या टोकाला दोन मिलिमीटर खाली. सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र जीटीचा कारखाना सुरू होतो, म्हणजे ग्लास ट्रेसिंगचा. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच, खाली मोबाइलचा टॉर्च, काचेवर कुणाची तरी तपासून झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. क्लिप लावायच्या आणि खालून दिसणारी रेघ गिरवत सुटायचं. टॉर्च मध्यभागी असतो, त्यामुळे कोपऱ्यातले आकडे दिसत नाहीत आणि तिथं हमखास चुकतं. आमच्या बॅचमध्ये चार शीटवर एकच माप एकाच जागी चुकलेलं निघालं, सरांनी चौघींना ओळीनं उभं केलं. मला जीटीचा नैतिक त्रास वगैरे होत नाही. पण प्रोजेक्शनच्या शीट तरी स्वतःच्या हातानं काढा, कारण परीक्षेला काच नसते.

हजेरी ७५ टक्के लागते. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं की सबमिशनच्या सह्यांसाठी फिरावं लागतं, आणि सहीसाठी थांबण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात लेक्चर बसून झालं असतं. शंका वर्गात इंग्रजीत विचारायला धीर होत नसेल तर लेक्चर संपल्यावर दारात गाठा आणि मराठीत विचारा. बहुतेक सर-मॅडम मराठीतच उत्तर देतात.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं जे झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. मांजरा, तेरणा, सीना सगळ्या नद्या पात्र सोडून वाहिल्या. आमचं सोयाबीन उभ्याउभ्या पाण्यात गेलं. रोज रात्री पप्पांचा फोन यायचा, “काय करलालीस? जेवलीस का?” आणि शेताचं विचारलं की “आहे, ठीक आहे” एवढंच. आई दुसऱ्या दिवशी खरं सांगायची. पुढच्या महिन्याचे मेसचे पैसे द्यायला उशीर होणार होता. मेसवाल्या काकूंना मी सरळ सांगितलं, त्यांनी दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं. अशी वेळ आली तर गप्प राहून जेवण कमी करू नका, दोन वर्गमैत्रिणींनी तेच केलं आणि आजारी पडल्या. मुलामुलींना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, स्वाधार अशा सरकारी योजना असतात. तुम्ही कुठल्या गटात बसता ते कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात ऑगस्टमध्येच विचारून ठेवा, मुदत संपल्यावर कुणीच काही करू शकत नाही.

दिवाळीच्या तिकिटाचं गणित. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. म्हणजे कॉलेज नुकतंच सुरू झालेलं असतं, दिवाळीची सुट्टी कधी हे कुणालाच माहीत नसतं, आणि तिकीट तेव्हाच काढायचं असतं. दोन वेगवेगळ्या तारखांची काढून ठेवा, एक रद्द करा. थोडे पैसे कापले जातील, पण ऐन वसुबारसेला खासगी ट्रॅव्हल्सवाले जे मागतात त्यापेक्षा ते कितीतरी कमी. घरी जाताना फुरिअर सिरीजची वही नेली होती, ती बॅगेतून बाहेर निघाली नाही. नेऊ नका, ओझं होतं.

दिवाळीनंतर सगळं एकदम अंगावर येतं. सबमिशन, ओरल, मग लेखी. जर्नल दिवाळीआधी पूर्ण करून सही घेतलेली असली की नोव्हेंबर अभ्यासाला मोकळा राहतो. परीक्षा संपल्या संपल्या खोली सोडायची घाई करू नका. दुसऱ्या सेमिस्टरला तीच खोली हवी असेल तर मधल्या सुट्टीचं भाडं द्यायचं का, अर्धं का, हे घरमालकांशी आधी बोलून घ्या. आमच्याकडं अर्ध्यावर ठरलं.

दुसऱ्या सेमिस्टरला गट उलटतात. ज्यांना आधी ग्राफिक्स होतं त्यांना मेकॅनिक्स, ज्यांना फिजिक्स त्यांना केमिस्ट्री. त्यामुळे ड्राफ्टर आणि पुस्तकं बाजूच्या डिव्हिजनमधल्या कुणाशी तरी अदलाबदल करून टाका. माझा ड्राफ्टर आता नांदेडच्या मैत्रिणीकडं आहे, आणि तिचं मेकॅनिक्सचं पुस्तक माझ्याकडं. पहिली तीस पानं सुटी झाली आहेत, तेवढी शिवून घ्यायची आहेत.