मध्य, मध्यक, बहुलक : आधी आकडे ओळीत लावा

सांख्यिकी हे दहावीच्या गणित भाग १ मधलं सहावं आणि शेवटचं प्रकरण. शेवटचं म्हणूनच त्याचे हाल होतात. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असतो, मुलांचं मन होम मैदानावरच्या पाळण्यांत, पूर्वपरीक्षा तोंडावर. घाईघाईत फळ्यावर तीन सूत्रं येतात, मुलं ती पाठ करतात, त्यात आकडे भरतात आणि प्रकरण संपतं. मला याचं फार वाईट वाटतं. शाळा सुटल्यावर ज्या गणिताशी आयुष्यभर गाठ पडणार आहे, ते हेच प्रकरण आहे.

मी शहराच्या पूर्वभागातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. बेरीज करताना ही मुलं ओठांतल्या ओठांत 'इरवै ऐदु' मोजतात आणि उत्तर मराठीत सांगतात. आकड्यांची त्यांना भीती नाही. हजार विड्यांना मजुरी किती, तपासणीत बाद किती झाल्या, हातात किती पडले, हा हिशेब ती तोंडी करतात. अशी मुलं या प्रकरणात अडखळतात तेव्हा त्यांचं गणित कच्चं आहे असं मी मानत नाही. त्यांचा सराव चुकीच्या टोकाकडून सुरू झालेला असतो.

पुस्तकातला प्रश्न म्हणतो, 'मध्यक काढा'. काय काढायचं ते आधीच ठरलेलं. बाहेर तसं कुणी सांगत नाही. समोर आकड्यांचा ढीग असतो आणि त्यातून एकच आकडा निवडायचा असतो. तो कुठला, हे ठरवण्याचा सराव आधी हवा. म्हणून सुरुवातीचे काही तास मी सूत्र लिहीत नाही. मुलांना घरून आकडे आणायला सांगते.

सगळ्यांत सोपे मिळतात ते पाण्याचे. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. दोन पाण्यांमध्ये किती दिवस गेले, एवढंच वहीत लिहायचं. अशा वह्यांवरून बेतलेली एक यादी मी फळ्यावर लिहिते : ४, ५, ४, ६, ४, १०, ४, ५, ४, ५, ४. अकरा आकडे. दहा दिवसांचा खंड म्हणजे मोठी पाइपलाइन फुटली होती तो आठवडा.

बेरीज ५५, भागिले अकरा, म्हणून मध्य, म्हणजे सरासरी, ५. इथवर सगळे येतात. मग मध्यक, म्हणजे मधला आकडा, विचारला की दरवर्षी कुणीतरी अकरातला सहावा आकडा बोटानं मोजतं आणि ठामपणे सांगतं, "दहा." यादीत मधोमध दहाच आहे, मी मुद्दामच ठेवलेला. मी काही बोलत नाही. इतकंच विचारते, दहापेक्षा जास्त दिवस किती वेळा लागले? एकदाही नाही. मग तो मधला कसा झाला? दोन मिनिटांत कुणीतरी ओरडतं, "बाई, क्रमानं लावायचं राहिलं की!" ४, ४, ४, ४, ४, ४, ५, ५, ५, ६, १०. सहावा आकडा ४. मध्यक ४.

बहुलकही ४, पण तिथे एक वेगळी गफलत असते. काही मुलं उत्तर लिहितात ६, कारण चार हा आकडा सहा वेळा आला आहे. सहा ही वारंवारता झाली. बहुलक म्हणजे जो आकडा सर्वांत जास्त वेळा आला तो. ही गफलत सूत्रांच्या सरावानं जात नाही. 'नळाला पाणी बहुतेक वेळा किती दिवसांनी येतं?' असा प्रश्न विचारला की मात्र लगेच जाते. सहा म्हणणारा मुलगा मग स्वतःच हसतो.

आता त्या यादीतला दहा खोडायचा. उरलेल्या दहा आकड्यांची बेरीज ४५, मध्य साडेचार. एका आकड्यानं मध्य अर्ध्या दिवसानं हलला. मध्यकासाठी आता मधे दोन आकडे येतात, पाचवा आणि सहावा. दोन्ही ४, त्यांची सरासरी ४. मध्यक जागचा हलला नाही. आकड्यांची संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी, हा नियम इथेच शिकवून होतो, वेगळा वेळ लागत नाही. टोकाचा एखादा आकडा मध्याला ओढून नेतो आणि मध्यकाला नाही, हे मुलांनी स्वतः खोडून, स्वतः पाहिलेलं असतं.

मग मी विचारते, घरात पाणी भरून ठेवायचं आहे, यातला कुठला आकडा धरायचा? एका मुलीचं उत्तर माझ्या मनात कायमचं राहिलं आहे. म्हणाली, "बाई, अम्माला यातला एकपण नको. अम्मा दहा दिवसांचं भरून ठेवते." अगदी खरं. बॅरल भरणाऱ्या बाईला सगळ्यांत मोठा खंड कळायला हवा, मध्य किंवा मध्यक नव्हे. तिन्हींपैकी एकही कामाचा नाही, हे ओळखता येणं मला सूत्रांइतकंच महत्त्वाचं वाटतं. परीक्षेत याला गुण नाहीत, तरी मी हा प्रश्न सोडत नाही.

पावसाचंही तसंच. आपला जिल्हा अवर्षणप्रवण, वर्षाला सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. आणि तो पडतो कसा? आठवडेच्या आठवडे कोरडे, मग सप्टेंबरात एका रात्रीत ओढे भरून. वर्गात मी दहा दिवसांचे काल्पनिक आकडे देते : ०, ०, ०, २, ०, ०, ९८, ०, ५०, ०. बेरीज १५०, मध्य १५ मिलिमीटर. पण पंधरा मिलिमीटर पाऊस या दहा दिवसांत कधीच पडला नाही! मध्यक शून्य, बहुलकही शून्य. 'पावसाने सरासरी गाठली' हे वाक्य वर्तमानपत्रात वाचून मंगळवेढ्याकडचा शेतकरी खूश का होत नाही, हे या एका ओळीत दिसतं. मालदांडी ज्वारी पेरायची तर काळ्या रानात ओल हवी. ती ओल एका रात्रीच्या ९८ मिलिमीटरनं येत नाही, बरंचसं पाणी वाहून जातं. वर्गातल्या ज्या मुलांचं आजोळ मंगळवेढ्याला किंवा सांगोल्याला आहे, त्यांना हे उदाहरण समजावून द्यावं लागत नाही. तीच बाकीच्यांना समजावतात.

विड्यांचे आकडे थोडे जपून वापरते, कारण कुणाच्या आईनं किती वळल्या याची वर्गात तुलना व्हायला नको. नावं काढून टाकलेल्या चिठ्ठ्या घेते. नऊ चिठ्ठ्यांवर समजा असं निघालं : ८००, ५५०, ७००, १०००, ४००, ७००, ८००, ६००, ७५०. चिठ्ठ्या बाकावर क्रमानं लावल्या की ४००, ५५०, ६००, ७००, ७००, ७५०, ८००, ८००, १०००. बेरीज ६३००, मध्य ७००. पाचवी चिठ्ठी ७००, मध्यक ७००. आणि बहुलक? ७०० दोनदा, ८०० दोनदा. मुलं गोंधळून बघतात, कारण उत्तर एकच असतं असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. इथे बहुलक दोन आहेत. आणि सगळे आकडे एकेकदाच आले असते तर बहुलक सांगताच आला नसता. तेही उत्तरच आहे, आणि ते धीटपणे लिहायची सवय लागायला हवी.

इतकं झालं की वर्गीकृत सारणीकडे, म्हणजे आकडे गटांत (वर्गांत) मांडलेल्या तक्त्याकडे, जायचं. दहावीचा खरा भार तिथे आहे, आणि पाठांतर मुलांना तिथेच दगा देतं.

मी घेते ते उदाहरण असं. घरापासून शाळेपर्यंत यायला किती मिनिटं लागतात? पन्नास मुलं. ० ते १० मिनिटं : ८ मुलं. १० ते २० : १२. २० ते ३० : २०. ३० ते ४० : ७. ४० ते ५० : ३. ज्याला बरोबर २० मिनिटं लागतात तो २० ते ३० च्या वर्गात, हा संकेत आधीच सांगून ठेवायचा.

मध्यकाचं सूत्र फळ्यावर न लिहिता मी पन्नास मुलं ओळीत उभी आहेत असं समजायला सांगते, सगळ्यांत जवळून येणारा पुढे, लांबून येणारा मागे. आपल्याला पंचविसाव्या मुलापर्यंत पोचायचंय. पहिल्या वर्गात ८, दुसऱ्यात १२, म्हणजे २० मुलं आधीच्या दोन वर्गांत संपली. ही झाली संचित वारंवारता. अजून किती हवीत? पाच. ती पाच २० ते ३० च्या वर्गातून घ्यायची. या वर्गात २० मुलं दहा मिनिटांत सारखी पसरलेली मानली, तर दर अर्ध्या मिनिटाला एक मूल. पाच मुलांना अडीच मिनिटं. २० आणि अडीच, साडेबावीस. झाला मध्यक!

यानंतर पुस्तकातलं सूत्र उघडायचं. खालची मर्यादा म्हणजे आपले २०. एकूण वारंवारतेच्या निम्म्यातून आधीची संचित वारंवारता वजा करायची, ते आपले पाच. मध्यकीय वर्गाच्या, म्हणजे मध्यक ज्यात पडतो त्या वर्गाच्या, वारंवारतेनं भागून वर्गाच्या लांबीनं गुणायचं, ते आपले अडीच. मुलांचे डोळे मोठे होतात, कारण सूत्र त्यांनी आधीच वापरून झालेलं असतं. 'आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यायची की त्याच वर्गाची?' हा दरवर्षीचा प्रश्न मग कुणी विचारत नाही. जी मुलं आधीच संपली तीच वजा करायची, हे त्यांना ओळीत दिसलेलं असतं.

बहुलकाचं सूत्र दिसायला सगळ्यांत भीतिदायक, पण आत फार सुंदर आहे. सर्वांत जास्त मुलं २० ते ३० च्या वर्गात, म्हणून तो बहुलकीय वर्ग. आता त्याचे शेजारी बघा. आधीच्या वर्गात १२, म्हणजे फरक ८. पुढच्या वर्गात ७, म्हणजे फरक १३. दहा मिनिटांची लांबी या ८ आणि १३ च्या प्रमाणात वाटायची. आठ भागिले एकवीस, गुणिले दहा, सुमारे ३.८. बहुलक २३.८ मिनिटं. सूत्राच्या छेदात बहुलकीय वर्गाच्या वारंवारतेची दुप्पट करून दोन्ही शेजाऱ्यांच्या वारंवारता वजा करायला सांगतात, तो छेद म्हणजे या दोन फरकांची बेरीज, दुसरं काही नाही. आणि ज्या शेजाऱ्याकडे जास्त मुलं, त्याच्या बाजूला बहुलक झुकतो. इथे आधीचा शेजारी मोठा, म्हणून उत्तर वर्गाच्या मध्यापेक्षा, पंचविसापेक्षा, अलीकडे आलं. हे मी फार वेळा सांगते, कारण मला स्वतःला ते मनापासून आवडतं.

मध्यासाठी पुस्तकात तीन पद्धती आहेत : सरळ, गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन. यावर मी फार वेळ घालवत नाही. तिन्हींनी एकच उत्तर येतं हे एकदा करून बघायचं आणि परीक्षेत प्रश्नानं सांगितलेली पद्धत वापरायची. वरच्या सारणीत सरळ पद्धतीनं ५, १५, २५, ३५, ४५ हे वर्गमध्य वारंवारतांनी गुणून बेरीज ११००, भागिले ५०, बरोबर २२. गृहीतमध्य २५ घेतला तर विचलनं वारंवारतांनी गुणून बेरीज उणे १५०, भागिले ५० उणे ३, आणि २५ मधून ३ गेले की पुन्हा २२. एकच इशारा देते : भागायचं पन्नासनं, पाचनं नाही. वर्ग पाच असले तरी मुलं पन्नास आहेत.

मध्य २२, मध्यक २२.५, बहुलक २३.८. तिन्ही आकडे शेजारी लिहून मी कार्ल पिअर्सनचा संबंध दाखवते : मध्यकाच्या तिपटीतून मध्याची दुप्पट वजा केली की जवळपास बहुलक मिळतो. इथे ६७.५ मधून ४४ गेले, उरले २३.५. आपला आला होता २३.८. हा पक्का नियम नव्हे, आकडे एका बाजूला फार कललेले नसतील तेव्हाचा अंदाज आहे. पण उत्तर ताडून बघायला उपयोगी पडतो.

ताडून बघण्याची सवय ही मला या सरावातून मुलांना द्यायची सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. मध्यक मध्यकीय वर्गाच्या बाहेर गेला, तर कुठेतरी चुकलंच. बहुलकाचंही तसंच. मध्य सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या आकड्याच्या बाहेर जाऊच शकत नाही. मागे एका उत्तरपत्रिकेत शाळेत यायला लागणाऱ्या वेळेचा मध्य २२० मिनिटं आला होता. जवळजवळ पावणेचार तास! त्या वेळात माणूस एसटीनं सोलापूरहून पुण्याच्या अर्ध्याहून पुढे गेला असता. त्या मुलाला मी गुणाकार दाखवला नाही. इतकंच विचारलं, "तू घरून किती वाजता निघतोस?" त्यानं कागद परत घेतला, पन्नासच्या जागी पाचनं भागलं होतं ते त्यालाच सापडलं.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. १ ते १०, ११ ते २० असे तुटक वर्ग दिले असतील तर मध्यक आणि बहुलक काढण्याआधी ते सलग करून घ्यावे लागतात : ०.५ ते १०.५, १०.५ ते २०.५. मुलं हे विसरतात आणि उत्तर अर्ध्यानं चुकतं. घरी सराव घेताना सारणीचा पहिला वर्ग जिथे संपतो तिथेच दुसरा सुरू होतो का, एवढं आधी बघायला सांगा. आणि एक सारणी पुस्तकाबाहेरची द्या. विजेच्या युनिटांची चालेल, कारखान्यातल्या टॉवेलच्या डझनांची चालेल, आठवडाबाजारातल्या कांद्याच्या भावाचीही चालेल. फक्त ती मुलानं स्वतः लिहून आणलेली असावी, आणि 'काय काढू?' असं त्यानं विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका.