टॉवेल कधी टाकायचा? (म्हणजे ट्रेनरने हार मानून बॉक्सिंगची फाइट कधी थांबवायची?)

काल रात्री परत एकदा मनिलाची ती फाइट बघितली, बॉक्सर मुहम्मद अली विरुद्ध जो फ्रेझियर, १ ऑक्टोबर १९७५. चौदावा राउंड संपला तेव्हा फ्रेझियरचा उजवा डोळा सुजून बंद झालेला आणि डाव्याने त्याला तसंही नीट दिसायचं नाही, म्हणजे अलीचा पंच येतोय कुठून हेच कळत नव्हतं बिचाऱ्याला. तरी गडी म्हणतोय मला जायचंय. एकच राउंड उरलेला! पण एडी फच, त्याचा ट्रेनर, म्हणाला बास, संपलं. फचने आधी बॉक्सर रिंगमध्ये मरताना बघितले होते, त्यामुळे त्याला पॉइंट्सपेक्षा त्या पोराची मुलंबाळं दिसली असणार.

लोक अजून वाद घालतात की तिकडे अलीसुद्धा पार गळून गेला होता, फचने अजून तीन मिनिटं वाट बघितली असती तर... अरे पण आंधळ्या माणसाला पुढे पाठवायचं कसं?

आणि हे बघा, २०१९ मध्ये बॉक्सर मॅक्सिम दादाशेवच्या कोपऱ्यात त्याचा ट्रेनर बडी मॅकगर्ट होता, अकराव्या राउंडनंतर अक्षरशः विनवण्या करत होता की मी फाइट थांबवतोय, पोरगा मान हलवून नाही म्हणतोय, शेवटी त्याने थांबवलीच. तरी मेंदूत रक्तस्राव झाला आणि चार दिवसांनी दादाशेव गेला. वय फक्त २८.

म्हणून मला वाटतं बॉक्सरला विचारायचंच नाही. तो कधीच हो म्हणणार नाही हो, त्याला तसंच तर घडवलेलं असतं.