भगूरचा वाडा, प्लेग आणि चाळीस दिवसांचा शब्द

रविवारी देवळाली कॅम्पमार्गे भगूरला गेलो. नाशिकपासून जवळच, कॅम्पातले झाडीचे रस्ते संपले की दारणेकाठचं हे गाव लागतं आणि गावात सावरकरांचा वाडा. लोक क्रांतीच्या आठवणी बघायला येतात, मला मात्र प्लेगचा माग काढायचा होता. १८९९ साली याच घरातले सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगनं गेले, पाठोपाठ काकाही, धाकट्या नारायणला आणि थोरल्या बाबारावांनाही लागण झाली, ते दोघं वाचले. त्या खोल्यांत उभं राहिलं की पोटात खड्डाच पडतो.

बाहेर पारावर एक आजोबा भेटले. म्हणाले, "आमची आजी सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं. कुलूप घालून, भांडीकुंडी, गुरं घेऊन सगळे रानात झोपड्या बांधून राहायचे." कुणाच्या हुकमाची वाट बघायची नाही, आपणहून.

क्वारंटाईन शब्द आपल्याकडे २०२० मध्ये घराघरात पोचला, डाव्या हातावर शिक्के मारले तेव्हा. पण तो आलाय व्हेनिसहून, तिकडच्या बोलीत क्वारांता म्हणजे चाळीस. त्याआधी १३७७ मध्ये रागुसानं, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक बंदरानं, नियम केला की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यानं आधी महिनाभर बाहेरच राहायचं, जवळच्या मर्कान बेटावर नाहीतर चाव्तात गावात. म्हणजे मुळात तीसच दिवस होते, चाळीस नंतर झाले! पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की क्वारंटाईन धडधाकट दिसणाऱ्या माणसासाठी असतं, लागण झाली असेल का ते कळेपर्यंत. आजारी माणसाला वेगळं ठेवतात ते आयसोलेशन. आपण सर्रास दोन्हीला एकच म्हणत होतो.

१८९७ मध्ये पुण्यात सोल्जर घरात घुसून झडती घ्यायचे, आजाऱ्याला हॉस्पिटलात आणि घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात न्यायचे, लोक भयंकर चिडले आणि त्याच जूनमध्ये तिथल्या प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली. लांब राहायला आपली माणसं तयार होती हो, आजोबांच्या आजीचं गाव पूर्णच्या पूर्ण रानात गेलंच की! पण परक्यानं दार ढकलून बायकामाणसांसमोर झडती घ्यायची, हे कोण सहन करेल?

त्या झोपड्या कुठे होत्या ती जागा आजोबांना माहितीये, आत्ता चिखल आहे, दिवाळीनंतर या म्हणालेत. जाणार आहे.