मागून ठक्क येतंय

गॅरेजमध्ये जाऊन "मागून आवाज येतोय" एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला "अंग दुखतंय" सांगण्यातला प्रकार. आमचे मिस्त्री त्यावर पान्हासुद्धा उचलत नाहीत. म्हणतात, कुठनं येतोय ते राहू द्या दादा, कधी येतोय ते सांगा. आणि त्यांचं बरोबर आहे, कारण जीपचा पत्रा भयंकर खोटारडा, मागच्या एक्सलजवळचा ठक्क थेट ड्रायव्हरच्या सीटखाली ऐकू येतो आणि आपण उगाच गिअरबॉक्सवर संशय घेऊन बसतो.

फ्रंट व्हील गाड्यांवर वाढलेल्या पोरांना हे दुखणं माहीतच नाही. जीप, सुमो, बोलेरो, ओम्नी, पिकअप, या गाड्यांची ताकद गिअरबॉक्समधून पोटाखालच्या लांबलचक प्रोपेलर शाफ्टने मागे क्राऊन-पिनियनपर्यंत, म्हणजे मागच्या दोन मोठ्या-छोट्या दातेरी गिअरांपर्यंत जाते, तिथून एक्सल आणि मग चाकं. वाटेतल्या प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा असतो, एकेकटा कुणाच्या खिजगणतीत नाही, पण क्लच सोडला की सगळे एकदम एकाच बाजूला जाऊन आपटतात.

तर कधी. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना, किंवा कुंभार्ली घाट उतरताना अ‍ॅक्सिलेटर सोडला-दाबला की ठक्क, तर पहिला संशयित जॉइंट क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा. गाडी थांबली आणि क्षणभराने मागून कुणीतरी ढोसल्यासारखं झालं तर शाफ्टच्या सरकत्या जोडातलं ग्रीस वाळलंय, हे सगळ्यात स्वस्तातलं काम. ब्रेक मारल्यावर येत असेल तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश आणि त्या पाट्या एक्सलला आवळणारे यू-बोल्ट बघायचे, कारण ते ढिले असले की अख्खा एक्सल जागेवर हलतो. फक्त वळताना टकटक, सरळ रस्त्यावर चिडीचूप, तर वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर, कारण त्यांना काम वळणावरच असतं. फक्त खड्ड्यातच वाजत असेल तर शॉकअपचे रबर बघा, नाहीतर मागच्या सीटखालचा जॅक आणि टॉमी. (हसू नका, आधी तेच काढून ठेवा.)

आवाज सलग येत असेल तर मोजता येतो. कंपाउंडच्या भिंतीला लागून काच खाली करून अगदी हळू गाडी सोडायची, चाकाच्या एका फेऱ्याला एकदा टक् झालं तर दोष चाक, ड्रम नाहीतर एक्सलकडे. चारेक वेळा झालं तर शाफ्टकडे, कारण अशा गाड्यांत चाक एकदा फिरेपर्यंत शाफ्ट साधारण चारदा फिरलेला असतो. हे मला फार आवडतं. ना स्कॅनर, ना लॅपटॉप, नुसते कान.

मग गाडीखाली. आधी चाकांना पुढून-मागून दगड, कारण शाफ्ट एकदा खोलला की गिअरमध्ये टाकलेली गाडीसुद्धा धरत नाही. शाफ्ट हाताने उलटसुलट पिळायचा आणि क्रॉसवर बोट ठेवायचं, झिजला असेल तर बोटाला कळतं. क्रॉसच्या चार टोकांना चार कप, प्रत्येक कपात सुईएवढे रोलर गोल उभे केलेले. ग्रीस संपलं, पावसाळ्यात पाणी शिरलं की रोलर गंजून तांबूस भुकटी होते आणि कपाच्या कडेला येऊन बसते. कुईकुई ऐकू येऊनही ग्रीसगनचे दोन दट्टे मारले नाहीत, की मग ठक्क.

या जॉइंटला हूकचंही नाव आहे, 17व्या शतकातला रॉबर्ट हूक, शाळेत स्प्रिंगचा नियम ज्याच्या नावाने पाठ केला तोच. म्हणजे पाट्यांतही हाच आणि शाफ्टच्या टोकालाही हाच. जॉइंट तिरका असला की त्याच्या पलीकडचा भाग एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो, आणि ही चुकारी दुसऱ्या टोकाचा जॉइंट निस्तरतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत असले तरच. म्हणून खोलायच्या आधी शाफ्टवर छिन्नीने खूण. खूण न करता खोलणाऱ्याकडून गाडी आणली तर ठक्क जातो आणि थरथर घरी येते.

एवढं होईस्तोवर कुणीतरी "क्राऊन गेला" म्हणतोच. क्राऊन जाताना बहुतेक वेळा आधी गूंऽऽ करतो, अ‍ॅक्सिलेटरवर एक सूर, सोडल्यावर दुसरा. आणि क्राऊन-पिनियनमध्ये मिलिमीटरच्या पावभागाच्या आसपास प्ले मुद्दामच ठेवलेला असतो, नाहीतर दातांत ऑइल राहणार कुठे. त्यामुळे आधी ऑइल काढायला लावा, ऑइलच्या प्लगला मॅग्नेट असेल तर तो बघा. बारीक चांदीसारखा चिखल चालतो, दातांचे तुकडे नाही. तुकडे नसतानाही क्राऊन बदलायला निघालेल्याला तिथेच नमस्कार. "चालू द्या अजून, ग्रीस मारत जा" म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याचा नंबर दोन ठिकाणी लिहून ठेवा.