जाळीखालचा वाडगा

मे महिन्यात नागपुरात पाणी मोजायला बसू नये. मी बसले.

गोट्याला लस द्यायला नेलं होतं. गोट्या म्हणजे आमचा बोका. रंग नारिंगी, वजन चार किलो, स्वभाव निवृत्त तहसीलदाराचा. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यांवरची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली. ती झटकन जागेवर बसायला हवी होती, पण जरा रेंगाळली. मग त्यांनी हिरडीवर बोट फिरवलं. हिरडी ओलसर नव्हती, चिकट होती. "पाणी कमी पडतंय याला. दिवसाला किती पितो?"

घरात दुधाचा, इस्त्रीचा, पेपरचा हिशोब मी ठेवते. गोट्या पाणी किती पितो हे मात्र मला सांगता येईना. पितो, एवढंच ठाऊक होतं. तेसुद्धा पाहिल्याचं नीटसं आठवेना.

मांजराला किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं, अन्नातलं धरून. म्हणजे गोट्याला २००. त्याच्या कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, म्हणजे दिवसभराच्या खाण्यातून चमचाभर. बाकी सगळं वाडग्यातून जायला हवं. त्यात बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद. लघवी दाट झाली की खडे धरतात आणि वाट बंद होते. "मातीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय आणि होत काहीच नाही असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका, रात्री दोनला आणा," असं डॉक्टरांनी बजावलं. ते वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आले आणि कफ सिरपच्या बाटलीचं मापाचं टोपण शोधून काढलं.

व्हरांड्यातल्या वाडग्यात सकाळी २५० मिली ओतलं. संध्याकाळी उरलं १३०. म्हणजे १२० मिली! वहीत तारीख घालून लिहिलं. दुसऱ्या दिवशी ११५. मी आईला सांगितलं, बहिणीला फोन केला.

तिसऱ्या दिवशी मांजराला घाबरणारं लहान मूल असलेले पाहुणे आले, म्हणून गोट्या दिवसभर आतल्या खोलीत कूलरसमोर होता. व्हरांड्याकडे फिरकलासुद्धा नाही. संध्याकाळी सवयीने मोजलं तर व्हरांड्यातलं पाणी ९५ मिली कमी.

ते पाणी ऊन पीत होतं.

मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना स्मरून तसलाच दुसरा वाडगा घेतला, तितकंच पाणी घातलं, त्यावर दुधाच्या पातेल्यावरची जाळी टाकली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. जाळीखालचं घटेल ते उन्हाचं, उघड्यातलं जास्तीचं घटेल ते गोट्याचं. चार दिवस असं केलं. गोट्याच्या वाट्याला आलं २०, २५, १५ आणि पुन्हा २०. पाचव्या दिवशी जाळीखालचा वाडगा रिकामा. आईने तुळशीला घातला होता. "उघडं पाणी काऊन ठेवलं व्हतं वं?"

गोट्याचा तरी काय दोष? पाळीव मांजरांचे पूर्वज आफ्रिकी रानमांजरं. पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखात धान्याच्या कोठारात उंदरांमागे आली आणि माणसाकडे राहिली. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे जेवण आणि पाणी एकाच पुडक्यात. वर मूत्रपिंडं अशी की थेंबन् थेंब पिळून परत घेतात. अशा कुळाला तहान उशिरा लागते. आता आम्ही उंदीर काढून घेतला आणि दाणे दिले, तहान मात्र त्याची जुनीच.

उन्हाळ्यात तो स्वतःला सारखं चाटत बसतो. मला वाटायचं नटवेपणा. पण मांजराला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तेवढाच. बाकी अंग थंड करायचं ते लाळ फासून आणि ती वाळवून. म्हणजे मुळात पाणी कमी, त्यातलं हे असं अंगावर खर्च होतं. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणारं मांजर दिसलं तर मात्र ते गमतीचं नसतं, ते तडक दवाखान्याचं.

आईचे उपाय सुरू झाले. आधी बशीभर दूध. मोठ्या मांजराला दूध सहसा पचत नाही. जुलाब झाले तर होतं तेही पाणी जातं. मग ताक. मग पन्ह्याचं बोट त्याच्या नाकासमोर धरलं, तेव्हा त्याने आईकडे असं पाहिलं की तिनेच ते चाटून टाकलं. शेवटी तिने आमच्याकडचं ब्रह्मास्त्र काढलं, कांदा. आम्ही कुणी दुपारी बाहेर निघालो की लू लागू नये म्हणून ती खिशात कांदा कोंबते. नेमका तोच मांजराला विष. कच्चा, शिजलेला, कसाही पोटात गेला तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणून कोंबडीचं उकळलेलं पाणी द्यायचं तर त्यात कांदा नाही, लसूण नाही, मीठही नाही. आई म्हणाली, "मग उरलं काय त्यात?"

उरलं ते गोट्याला आवडलं. ओल्या खाण्याचं ८५ ग्रॅमचं पाकीटही सुरू केलं. त्यातच ६५-७० मिली पाणी असतं, वर आणखी दोन चमचे कालवलं तरी त्याला पत्ता लागत नाही. वहीतला आकडा पहिल्यांदा शंभरावर गेला.

आणि एकदा तो पिताना दिसला. मी जमिनीवर पालथी पडून पाहत होते. जीभ चमच्यासारखी वळवून पाणी उचलत असेल, असा माझा समज होता. तसं नाही. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकतं आणि वर जातं. त्यामागे पाण्याचा बारीक खांब उठतो, आणि तो कोसळायच्या आत तोंड मिटतं. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हे वेगवान कॅमेऱ्याने टिपून २०१० साली मांडलं. सेकंदाला तीन-चार वेळा, दर वेळी दोन-तीन थेंब. म्हणजे माझ्या वहीतले २० मिली हे दीडशेच्या आसपास घोट. वीस लिहिताना ते फार क्षुल्लक वाटलं होतं.

मे अखेरीस सुरू होणारा, नऊ कडक उन्हाच्या दिवसांचा नवतपा लागला त्या पहाटे वीज गेली. कूलर बंद पडला आणि घरभर शांतता झाली. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, लप लप लप. जाऊन पाहते तर माठाखालच्या परातीत तोंड घालून गोट्या. माठ पाझरतो, परातीत दोन बोटं गार पाणी साचतं. तिथे तो निवांत पीत उभा, आणि ओट्याशी आई.

"रोज पेते तो इथं," आई म्हणाली. "पहाटं पहाटं. तू झोपून राहते."

"केव्हापासून?"

"चैत्रात माठ आणला तवापासून."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तू मोजून रायली व्हती ना."