कचऱ्याच्या डोंगरातून गॅस काढताना

फाइल हातात आली तेव्हा तिच्यात एक देखणी वक्ररेषा होती. आडवी वर्षं, उभा मिथेन. कचरा टाकणं थांबतं त्या सुमाराला रेषा शिखर गाठते आणि मग उतरत जाते. माझं काम सांगायला सोपं होतं: जुन्या कचरा डेपोच्या डोंगरात विहिरी घ्यायच्या, आतला गॅस ब्लोअरने ओढायचा आणि फ्लेअरमध्ये, म्हणजे गॅस जाळायच्या भट्टीत, जाळायचा. नुसतं जाळून काय मिळतं, असं घरचेही विचारायचे. कचऱ्यातून निघणाऱ्या गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन असतो. तो तसाच हवेत गेला तर तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे २७ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट भारी पडतो. जळला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. म्हणून जाळायचा. पुढेमागे वीज करता आली तर उत्तमच.

महिनाभरात ती वक्ररेषा माझ्या मनातून उतरली. तिच्यासाठी दरवर्षी किती कचरा पडला आणि तो कसला होता, हे लागतं. वजनकाट्याची नोंदवही फक्त अलीकडची होती, त्याआधीचं सगळं ‘अंदाजे’. आणि इथे अंदाज महागात पडतो. उष्ण, ओल्या हवेत अन्नाचा कचरा इतका झपाट्याने कुजतो की त्याची गॅस देण्याची ताकद दोनेक वर्षांत निम्म्यावर येते. कागद, लाकूड मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतं. डोंगराच्या कुठल्या कुशीत काय आणि केव्हा पडलं ते कळल्याशिवाय विहिरीची जागा ठरवणं म्हणजे अंधारात बाण.

मी तरी नकाशावर सारख्या अंतराने खुणा केल्या आणि पहिली खूण जमिनीवर चुना टाकून दाखवली. शेजारी भंगार निवडणाऱ्या एक मावशी बघत होत्या. म्हणाल्या, “मॅडम, इथे नुसता राडारोडा आहे. पाडकामाच्या गाड्या इथेच रिकाम्या व्हायच्या.” मी मान डोलावली आणि बोअरवाल्याला सुरू करायला सांगितलं. थोडं खाली गेल्यावर मशीन काँक्रीटला भिडलं. दिवस गेला, कटरचे दात गेले.

दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन मीच मावशींकडे गेले. त्यांनी आणखी चौघांना हाक मारली. अर्धा दिवस आम्ही डोंगर चाललो आणि त्या काळात मला जे कळलं ते फाइलमध्ये कुठेच नव्हतं. मंडईचा कचरा कुठल्या उतारावर पडायचा, कुठे आग धुमसत राहिली होती, कुठल्या पट्ट्यात पाऊस मुरतो आणि कुठे काळं पाणी बाहेर येतं, सगळं त्यांना पाठ. एका जागी गवत उगवतच नव्हतं. “इथे पाय भाजतात,” एक दादा म्हणाले. नळी खुपसून मोजलं तर खाली भरपूर मिथेन. मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून गवत नाही. विहिरींच्या जवळपास निम्म्या जागा मी त्या दिवशी बदलल्या.

खोदकामाबद्दल फार लिहीत नाही. छिद्रांचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप, भोवती खडी, वरच्या भागात हवा आत शिरू नये म्हणून बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीची सील. एकच सांगते: हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असला तर ठिणगीसुद्धा पुरते. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढलं की नाकाला जाणवेनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला असं समजायचं नाही. बोअरजवळ विडी-काडीपेटीला बंदी घातली तेव्हा कुरकुर झाली. मीटरचा अलार्म पहिल्यांदा किंचाळला आणि कुरकुर थांबली.

खरी अडचण दुसरीच निघाली. गॅस नीट ओढायचा तर डोंगर मातीने झाकावा लागतो, नाहीतर विहीर गॅसऐवजी हवाच ओढते. आणि झाकलेल्या डोंगरावर भंगार वेचता येत नाही. ज्यांनी मला डोंगर दाखवला त्यांचंच काम मी बंद करणार होते. हे माझ्या डोक्यात आधी आलंच नव्हतं, हे कबूल करते. बैठकीत एक जण उठून म्हणाले, “तुमचा गॅस निघेल, पण आमची चूल विझेल त्याचं काय?” वरच्या ऑफिसचं उत्तर तयार होतं: प्रकल्प सुरू झाला की रोजगार मिळेल. किती, कुणाला, कधी, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी जगातली उदाहरणं शोधली. रिओ दी जानेरोजवळचं जार्दिम ग्रामाचो हे अवाढव्य डम्पिंग जून २०१२ मध्ये बंद झालं आणि तिथल्या सुमारे १,७०० कचरावेचकांना एकरकमी भरपाई मिळाली. आमच्या बैठकीत हे सांगितलं तर मावशी म्हणाल्या, “रक्कम संपते, ताई. काम द्या.” ‘मॅडम’ची ‘ताई’ झाले होते, पण मागणी काही सौम्य झाली नव्हती.

मग आम्ही क्रमच उलटा केला. डोंगराचा एकेक भाग झाकायचा, आणि तो झाकण्याआधी पायथ्याशी निवडणीची शेड सुरू झालेली असली पाहिजे. नवीन येणारा कचरा तिथे उतरणार, निवडण्याचा पहिला हक्क जुन्या वेचकांचा, ओळखपत्र त्यांच्या नावाचं. विहिरींची रोजची फेरी, भेगा बुजवणं, पाइपातलं पाणी काढणं ही कामंही त्यांच्यातल्याच लोकांना, प्रशिक्षण देऊन, पगारावर. हे करारात घालायला विहिरी खोदण्यापेक्षा जास्त वेळ लागला. तरीही सगळ्यांना काम मिळालं नाही. वेचकांच्या यादीत नाव नसलेले, कधीमधी येणारे लोक बाहेर राहिले. त्यांच्यातले काही आजही कुंपणापाशी दिसतात.

यातली एक गंमत नंतर लक्षात आली. शेडमध्ये ओला कचरा वेगळा होऊन खताकडे गेला की डोंगरात पुढे गॅस कमी बनणार, म्हणजे कार्बन क्रेडिटही कमी, अर्थात मिथेन हवेत जाऊ न दिल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं श्रेय. हिशेबनीस नाराज झाले. मला विचाराल तर हे असंच व्हायला हवं. डोंगरातला गॅस ही जुनी थकबाकी आहे. ती वसूल करायची. तिच्यासाठी नवीन ओला कचरा पुरत बसणं हा वेडेपणा.

आता माझी चूक. तपासणीसाठी आकडे द्यायचे होते आणि प्रवाह कमी दिसत होता. मी तीन विहिरींचे व्हॉल्व्ह जास्त उघडले. प्रवाह वाढला, मी खूश. दोन दिवसांनी फेरीवरच्या दादांनी वही पुढे केली: ऑक्सिजन चढलाय, मिथेन घसरलाय, पाइप हाताला नेहमीपेक्षा गरम लागतोय. मी गॅस ओढत नव्हते, मातीच्या भेगांतून हवा आत घेत होते. हवा आत गेली की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मरू लागतात आणि कचरा आतल्या आत पेटू शकतो. अशी आग वरून दिसत नाही, विझवता विझत नाही. आम्ही व्हॉल्व्ह जवळजवळ मिटले, आत आग लागल्याची खूण असलेला कार्बन मोनॉक्साइड वायू आहे का ते तपासलं, भेगांवर माती दाबली. आठवड्याभरात तापमान उतरलं. वहीत दादांनी माझ्या नावापुढे नुसतं ‘व्हॉल्व्ह’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. तेव्हापासून व्हॉल्व्ह एका वेळी थोडासाच हलवायचा आणि पुढच्या मोजणीपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम मलाही लागू झाला.

फ्लेअर पेटवायच्या दिवशी सगळे जमले होते. ब्लोअर सुरू झाला, पॅनेलवर तापमान चढत गेलं, मी टाळी वाजवली. बाकी शांतता. “पेटलंय कुठे?” मावशींनी विचारलं. बंदिस्त फ्लेअरची ज्योत पत्र्याच्या उंच नळकांड्याच्या आत असते, बाहेरून काही दिसत नाही. लहान मुलं तर चक्क रुसली. शेवटी मावशींना नळकांड्याच्या वरच्या तोंडाकडे बघायला सांगितलं, तिथे हवा थरथरत होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग पैसे कशावरून मोजणार?” नेमका प्रश्न. प्रवाह, मिथेनची टक्केवारी, ज्योतीचं तापमान, हे तिन्ही नोंदलं गेलं तरच मोजणार. मीटर बंद पडला तर तेवढ्या तासांचं श्रेय मिळत नाही. मीटरखोलीची एक किल्ली आता विहिरींच्या फेरीवर असणाऱ्यांकडे असते.

गळती शोधायची त्यांची पद्धत माझ्या यंत्रापेक्षा स्वस्त आहे. पाऊस उघडला की झाकलेल्या भागावर डबकी साचतात. जिथे पाण्यातून बुडबुडे येतात तिथे खाली भेग आहे. परवा सकाळी मी पोचले तेव्हा दादा एका डबक्यापाशी उकिडवे बसून बुडबुडे मोजत होते आणि शेजारी मातीची पाटी भरून तयार होती.